एक गुंठा म्हणजे एक आर नव्हे

अहमदपूर तालुक्यात जमिनीचा सौदा एकर-गुंठ्यांत ठरतो. सातबाऱ्यावर मात्र क्षेत्र हेक्टर-आरमध्ये लिहिलेले असते. दोहोंची सांगड घालताना सर्रास धरले जाते की एक गुंठा म्हणजे एक आर. हे चूक आहे. गुंठा 33 फूट लांब, 33 फूट रुंद, म्हणजे 1,089 चौरस फुटांचा. आर 10 मीटर लांब-रुंद, सुमारे 1,076 चौरस फुटांचा. बारा-तेरा चौरस फुटांनी काय बिघडते, असे कोणी विचारील. एका गुंठ्याच्या प्लॉटचे फारसे नाही. पण पाच एकरांचे 200 गुंठे 200 आर म्हणून लिहिले, तर अडीच हजार चौरस फूट, म्हणजे दोन गुंठ्यांहून अधिक जमीन हिशेबातून गळते. बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणाऱ्या मुलखात ही किरकोळ गोष्ट नाही.

याच्या मुळाशी आणखी एक समज आहे: जुनी मापे अंदाजपंचे होती. सभासदाच्या बखरीत शिवकालीन काठी पाच हात पाच मुठींची, हात चौदा तसूंचा, आणि सगळी काठी 82 तसूंची सांगितली आहे. वीस काठ्या लांब-रुंद तो बिघा, 120 बिघ्यांचा चावर. हात माणसागणिक वेगळा, हा आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच तो तसूंत बांधून दिला होता. खरी अडचण अशी की एकाच नावाखाली अनेक मापे नांदली. बंगालचा बिघा 14,400 चौरस फुटांचा, उत्तर प्रदेशातला पक्का बिघा 27,225 चौरस फुटांचा. स्पेनच्या ‘व्हारा’ या लांबीच्या मापाचेही तेच: कास्तीलचा सुमारे 83.6 सेंटिमीटर, तर टेक्सासने 1919 मध्ये कायद्याने ठरवलेला 33⅓ इंच, म्हणजे जवळपास 84.7 सेंटिमीटर. स्पेनने मेट्रिक पद्धतीचा कायदा 1849 मध्येच केला, तरी टेक्सासमधले जुने जमिनीचे दस्त वाचायला आजही व्हारा कळावा लागतो.

गुंठ्याला अस्सल देशी माप समजणाऱ्यांनी त्याची बाजू तपासावी: 33 फूट म्हणजे एडमंड गुंटर या इंग्रज गणितज्ञाच्या 66 फुटी साखळीचा बरोबर अर्धा. आणि तो एकट्या महाराष्ट्राचाही नाही: अहमदपूर 1956 पर्यंत बीदर जिल्ह्यात होते. बीदरमध्ये आणि तेलंगणात आजही एकर 40 गुंठ्यांचाच आहे. त्याच 1956 मध्ये संसदेने मेट्रिक मापांचा कायदा केला. कागद बदलले, बोलणे तेच राहिले. तेव्हा खरेदीखतापूर्वी गुंठ्यांना 1.0117 ने गुणून आर काढा, जुन्या कागदात बिघा दिसला तर तो कोणत्या मुलखाचा ते आधी पाहा, आणि शंका उरली तर भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा.