घरगुती वीजवापर आणि वीजदेयक : भंडारा जिल्ह्यातील उन्हाळ्याच्या संदर्भात

प्रस्तावना

वीजबचत हा शब्द उच्चारला की आजही प्रथम आठवण होते ती दिव्यांची. अनावश्यक दिवे बंद करावेत, हा उपदेश शालेय पुस्तकांपासून वीजदेयकाच्या मागील बाजूपर्यंत सर्वत्र आढळतो. साठ वॅटचा तापदीप घरोघरी होता तेव्हा तो उपदेश सार्थही होता. परंतु २०१५ मध्ये सुरू झालेल्या 'उजाला' योजनेनंतर एलईडी दिवे खेडोपाडी पोहोचले आणि त्याच प्रकाशासाठी आता सुमारे नऊ वॅट पुरतात. असा दिवा रोज सहा तास लावला तरी महिन्याला दोन युनिटही जळत नाहीत. म्हणजेच दिव्यांमधील बचत बहुतांशी होऊन गेली आहे, आणि तरीही देयकाची तक्रार कायम आहे. भंडारा जिल्ह्यापुरते पाहिल्यास या तक्रारीचे मूळ एप्रिल ते जून या तीन महिन्यांत सापडते. प्रस्तुत लेखात त्या अनुषंगाने विवेचन केले आहे.

देयकाची रचना

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे २००५ मध्ये विभाजन होऊन वितरणाचे काम महावितरण कंपनीकडे आले. कंपनीचे दर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवितो. भंडाऱ्याच्या एका बाजूस मौदा आणि दुसऱ्या बाजूस तिरोडा अशी मोठी औष्णिक केंद्रे आहेत. पण त्यांच्या शेजारामुळे येथील ग्राहकास दरात कोणतीही सवलत मिळत नाही. घरगुती दर पायऱ्यांचे आहेत : पहिली शंभर युनिटे, त्यापुढे तीनशेपर्यंत, मग पाचशेपर्यंत आणि त्याहून अधिक. २०२४-२५ या वर्षी पहिल्या पायरीचा वीज आकार प्रतियुनिट ४ रुपये ७१ पैसे, तर दुसरीचा १० रुपये २९ पैसे होता. त्यावर प्रतियुनिट १ रुपया १७ पैसे वहन आकार आणि एकूण आकारणीवर १६ टक्के वीज शुल्क. इंधन समायोजन आकार वगळला तरी पहिल्या पायरीवरील एक युनिट सुमारे ६ रुपये ८० पैशांना आणि दुसऱ्या पायरीवरील एक युनिट १३ रुपये ३० पैशांना पडत असे. दर वेळोवेळी बदलतात. पायऱ्यांची रचना मात्र टिकून आहे.

एकूण देयकास युनिटांनी भागून 'सरासरी दर' काढण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे, ती येथे दिशाभूल करते. वाचविलेले युनिट नेहमी सर्वांत वरच्या पायरीवरून कमी होते. त्यामुळे हिवाळ्यात वाचविलेल्या युनिटापेक्षा मे महिन्यात वाचविलेले युनिट बऱ्याच कुटुंबांना जवळपास दुप्पट मोलाचे ठरते. जे कुटुंब वर्षभर शंभर युनिटांच्या आतच राहते त्यास हा लाभ अर्थातच मिळत नाही, आणि स्थिर आकार तर कोणत्याही बचतीने कमी होत नाही.

उन्हाळी वापर : पंखा, कूलर आणि छप्पर

जुना पंखा पूर्ण वेगात सुमारे ७५ वॅट घेतो. उन्हाळ्यात तो रोज पंधरा तास चालला तर महिन्याला जवळपास ३४ युनिटे होतात. बीएलडीसी मोटरचा पंखा तेवढेच वारे सुमारे ३० वॅटमध्ये देतो. त्याची युनिटे साडेतेरा. असे दोन पंखे बदलल्यास महिन्याला ४० युनिटे वाचतात, म्हणजे वरील दुसऱ्या पायरीने सुमारे ५४० रुपये. नवा पंखा महाग असला तरी वाढीव किंमत एक-दोन उन्हाळ्यांत भरून निघते. छताच्या पंख्यांना तारांकन १ जानेवारी २०२३ पासून सक्तीचे झाले आहे. खरेदीच्या वेळी रंगापेक्षा ते पाहणे अधिक उपयुक्त.

कूलरचा प्रश्न अधिक सूक्ष्म आहे. नवतप्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना हवा अत्यंत कोरडी असते. ताट्यांवरील पाणी वेगाने वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता हवेतूनच घेतली जाते. ही क्रिया चालू राहण्यासाठी ओलसर हवेस बाहेर जाण्याची वाट हवी. दारे-खिडक्या गच्च बंद करून कूलर लावणे ही सर्रास आढळणारी चूक आहे. अशा खोलीत तासाभरात चिकटपणा येतो, गारवा थांबतो आणि मोटर मात्र चालूच राहते. समोरची खिडकी वीतभर उघडी ठेवणे हा बिनखर्चाचा उपाय होय. विहिरीच्या व बोअरच्या पाण्यातील क्षार ताट्यांवर जमतात व छिद्रे बुजतात, म्हणून हंगामाच्या आरंभी ताट्या बदलणे हा खर्च नसून बचत आहे. मोसमी पाऊस आल्यावर हवेतच ओलावा भरतो. त्यानंतर पंपाने पाणी फिरवण्यात काही हशील नसते, तरीही सवयीने कूलर जुलैपर्यंत तसाच चालतो. पंप व पंखा मिळून २०० वॅटचा कूलर रोज चौदाऐवजी दहा तास चालविला तरी महिन्याला २४ युनिटे, म्हणजे सुमारे ३२० रुपये वाचतात.

हे चार तास कमी व्हावेत कसे, याचे उत्तर छपरात आहे. कवेलूची घरे दिवसा तापत, पण फटींतून वारा खेळत असल्याने सायंकाळनंतर लवकर निवत. आता तालुक्याच्या गावांतच नव्हे तर खेड्यांतही त्यांची जागा सिमेंटच्या स्लॅबने घेतली आहे. स्लॅब दिवसभर ऊन साठवतो व मध्यरात्रीपर्यंत खाली सोडत राहतो. रात्रीचा कूलर वस्तुतः बाहेरच्या हवेशी नव्हे, डोक्यावरील स्लॅबशी झुंजत असतो. मार्चअखेरीस गच्चीवर चुन्याचे दोन हात दिल्यास पांढरा पृष्ठभाग बरेचसे ऊन परतवितो. पश्चिमेच्या भिंतीवर सावली करणे, हिरवी जाळी बांधणे, वेल चढविणे हे उपायही त्याच जातीचे. घरबांधणीच्या अनुदानाचा विचार करताना छपराच्या उष्णतेचा विचार क्वचितच होतो, ही उणीव धोरणकर्त्यांनी लक्षात घ्यावयास हवी.

फ्रीज भिंतीपासून थोडा दूर ठेवणे, टाकी भरताच मोटर बंद करणे, टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स बटणावर बंद करणे ही कामे किरकोळ असली तरी करावीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत छपरावरील सौरसंचास तीन किलोवॅटपर्यंत ७८ हजार रुपयांचे अनुदान ठेवण्यात आले. मात्र ज्या घरात पंखे जुने आणि ताट्या बुजलेल्या आहेत, तेथे गरजेपेक्षा मोठा संच बसविला जातो. आधी वापर आवरावा, मग संचाची क्षमता ठरवावी, हा क्रम येथे महत्त्वाचा. भाड्याच्या घरात राहणाऱ्यास तर स्वतःचे छप्पर नसल्याने पंखा, ताट्या आणि उघडी खिडकी एवढेच मार्ग हाती उरतात.