थंडीचे कपडे आणि बूट

हिंवाळ्याच्या सुटींत हिमालयाची सफर करावी, अशी इच्छा आमच्या शाळेतील पुष्कळ विद्यार्थ्यांनीं यंदाही व्यक्त केली आहे. ह्या इच्छेस उत्तेजन देण्यापूर्वीं गेल्या डिसेंबरांत घडलेली एक हकीकत सांगणें आम्हांस अवश्य वाटतें. कारण तींत दोष आमचाच होता.

आमची तुकडी गढवालांतील चोपता येथून तुंगनाथाकडे चढत होती. तुंगनाथाचें देवालय समुद्रसपाटीपासून सुमारें ३,६८० मीटर उंचीवर आहे. वर जातां जातां दर हजार मीटरांस हवेचें उष्णमान सरासरीनें सुमारें साडेसहा अंश सेल्सिअसनें उतरतें. शिवाय त्या दिवशीं वाटेवर घोटाभर बर्फ होतें व वारा सुटला होता. अर्ध्या वाटेवर नववींतील एक विद्यार्थी म्हणाला, "सर, माझे पाय दुखायचे थांबले." तें ऐकून आम्हांस बरेंच वाटलें. परंतु बरोबरच्या पहाडी वाटाड्यानें त्यास तत्काळ खालीं बसविलें व त्याचे बूट काढले. आंत एकावर एक असे तीन जोड मोजे कोंबलेले होते. पायांचीं बोटें मेणासारखीं पांढरीं व बधिर झालीं होतीं. वाटाड्यानें आपला कोट उघडून तीं पावलें स्वतःच्या पोटाशीं धरलीं. सुमारें अर्ध्या तासानें बोटांत रक्त फिरूं लागलें व मुलगा कळांनीं रडूं लागला, तेव्हां वाटाड्या हंसून म्हणाला कीं, दुखतें आहे, आतां भीति नाहीं. आम्ही देवालयास न पोहोंचतांच परतलों. तीन जोड मोजे घालण्याची सूचना आम्हीं पालकांस पाठविलेल्या यादींतच होती!

कपडा ऊब देतो असें आपण म्हणतों; वस्तुतः कपडा कांहींच उत्पन्न करीत नाहीं. उष्णता शरीराची, कपडा तिला केवळ अडवून धरितो. हें कामही सुतापेक्षां सुतांत कोंडलेली स्थिर हवाच अधिक करिते, कारण हवा ही उष्णतेची अत्यंत मंद वाहक आहे. जुन्या लुगड्यांचे पदर एकावर एक शिवून केलेली आजीची गोधडी एका जाड चादरीहून ऊबदार कां, ह्याचें उत्तर त्या पदरांमधील हवेंत आहे. ही हवा दाबून बाहेर काढली कीं पदर कितीही असोत, ते व्यर्थ होत. आमच्या विद्यार्थ्याच्या बुटांत हेंच झालें. मोजे तीन होते, पण हवेस जागा नव्हती. थंडींत शरीर हृदयादि इंद्रियांच्या रक्षणासाठीं हातापायांच्या रक्तवाहिन्या आधींच आकुंचित करितें; तशांत बूटही आवळला म्हणजे बोटांस कोणी वाली उरत नाहीं.

दुसरा शत्रु ओल. पाण्याची उष्णतावाहकता स्थिर हवेच्या सुमारें २४ पट आहे. ओल बाहेरूनच येते असें नाहीं. चढतांना येणारा घाम आंतून तेंच करितो. म्हणून अंगालगतचा कपडा सुती नसावा. सुती सदरा घाम शोषून अंगास चिकटतो व लवकर वाळत नाहीं. लोंकर मात्र आपल्या वजनाच्या सुमारें तीस टक्के ओलावा शोषूनही हातास फारशी ओली लागत नाहीं. आपल्याकडील धनगर भर पावसांत घोंगडी पांघरून उभा राहतो, तो उगाच नव्हे. अंगालगत लोंकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा पातळ सदरा, त्यावर स्वेटर किंवा पिसांचें जाकीट, आणि सर्वांवर वारा अडविणारा सैलसर कोट, असे तीन पदर असावेत. पिसें भिजलीं कीं चपटीं होऊन निरुपयोगी ठरतात, हें ध्यानांत ठेवावें. चढ लागण्यापूर्वीं एक पदर उतरवावा व विसांव्यास बसतांच पुन्हां चढवावा. निघतांना किंचित् थंडी वाजली तरी चालेल. घामानें भिजणें चालणार नाहीं.

बुटांची निवड सर्वांत कठीण. १९११ च्या डिसेंबरांत दक्षिण ध्रुवावर प्रथम पोहोंचलेल्या अमुंडसेनच्या मंडळीनें आपले बूट घट्ट होतात असें पाहून त्यापूर्वींच्या हिंवाळ्यांत ते तळावर उसवून पुनःपुन्हां सैल केले होते. १९५३ सालच्या एव्हरेस्ट-मोहिमेसाठीं केलेल्या खास बुटांत पातळ कातड्याच्या आंत कपोक नांवाच्या झाडाच्या कापसाचा जाड थर होता, आणि पायाचा घाम त्या थरांत शिरूं नये म्हणून आंतून जलाभेद्य अस्तर होतें. तरीही २९ मे १९५३ च्या पहाटे एडमंड हिलरी ह्यांना आपले बूट गोठून कडक झालेले आढळले; कारण रात्रीं त्यांनीं ते काढून ठेविले होते. स्टोव्हवर शेकून ते मऊ करण्यांत सुमारें दोन तास गेले. तेनसिंग नोर्गे ह्यांनीं आपले बूट पायांतच ठेविले होते. तात्पर्य, उत्तम बूट मिळविला म्हणजे काळजी संपली असें नाहीं.

बूट संध्याकाळीं विकत घ्यावा; दिवसभर चालून पाऊल थोडें फुगलेलें असतें. सफरींत वापरावयाचे लोंकरी मोजे घालूनच तो पायांत घालून पाहावा. नाडी न बांधतां पाऊल पुढें सारलें असतां टांचेमागें हाताचें एक बोट शिरलें पाहिजे, आणि नाडी बांधल्यावर टांच न उचलतां पायाचीं बोटें मोकळेपणीं हललीं पाहिजेत. तळ जाड असावा, कारण बर्फ उष्णता खालून ओढून घेतें. आंतील तळपट्टी काढतां येण्यासारखी असावी, म्हणजे ती निराळी वाळवितां येते. नवा बूट आधीं कांहीं आठवडे घरीं वापरावा. आणि पहाडांत रात्रीं तो पिशवींत घालून अंथरुणांत घेण्यास लाजूं नये.

एवढें करूनही बोट बधिर झालें, तर तें लपवूं नये. दुखणें थांबलें, ही धोक्याची खूण आहे. बर्फानें चोळण्याची जुनी समजूत घातक आहे. विस्तवाजवळ धरणेंही तसेंच, कारण बधिर कातडीस भाजलेलें कळत नाहीं. अंगाच्या उबेनें तें शेकावें, व संवेदना लवकर परत न आल्यास रोग्यास खालीं उतरवून डॉक्टरांकडे न्यावें.

त्या विद्यार्थ्याचीं बोटें पूर्ववत् झालीं, आणि यंदाच्या सफरीसाठीं पहिलें नांव त्यानेंच दिलें आहे. पालकांस पाठवावयाची यादी आम्हीं सुधारली आहे. मोज्यांचे जोड तींत तीनच आहेत. मात्र आतां पुढें असें लिहिलें आहे कीं, एक पायांत, दोन पिशवींत.