फैयाज : झरीनाचं बोलणं

आता फैयाज यांच्याकडे येऊ. 'त्या आपल्या सोलापूरच्या' एवढं म्हणून आपण थांबतो. मला ते पुरेसं वाटत नाही. १९६७ साली 'कट्यार काळजात घुसली' रंगभूमीवर आलं. लेखन दारव्हेकरांचं, संगीत अभिषेकीबुवांचं. वसंतराव देशपांडे झाले खाँसाहेब आणि त्यांची मुलगी झरीना म्हणजे फैयाज. वसंतरावांसमोर गायचं हे अवघड होतंच. पण बोलायचं कसं? खाँसाहेबांच्या घरातली भाषा उर्दूच्या वळणाची. ते वळण जास्त झालं तर सोंग वाटतं, कमी पडलं तर पात्रच मरतं. इथे सोलापूर कामी आलं, असं आपलं माझं मत. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू जिथे रोज कानावर पडतात, तिथल्या मुलीला हे वेगळं शिकवायला लागत नाही. आणि संगीत नाटकात संवाद संपला की पद सुरू. गातानाही ती झरीनाच दिसायला हवी. नुसती गायिका तिथे उघडी पडते हो!

२०१५ साली बेळगावला नाट्यसंमेलन भरलं. मराठीसाठी इतकी वर्षं भांडणाऱ्या त्या गावात संमेलनाध्यक्ष म्हणून उभ्या राहिल्या त्या सोलापूरच्या फैयाज शेख.