विश्लेषण : बातमीतला 'दबका आवाज' नेमका कुणाचा?

'विस्तारानंतर आमदारांत कुजबुज', 'अधिकाऱ्यांमध्ये दबक्या आवाजात चर्चा', 'बदलीची आधीच कुणकुण'... अशा ओळी मराठी बातम्यांत नेहमी दिसतात. आवाज हळू होता, एवढे त्यातून कळते. बोलले कोण आणि ते वार्ताहराने स्वतः ऐकले का, हे मात्र अनेकदा कळत नाही.

या शब्दांच्या छटा कोणत्या?

'हळू आवाजात सांगितले' हे साधे वर्णन आहे. 'पुटपुटला' म्हटले की बोलणारा गोंधळलेला किंवा वैतागलेला वाटतो. 'कुजबुजला' म्हणजे तिसऱ्याला कळू नये अशी त्याची इच्छा होती. 'दबक्या आवाजात' या शब्दांत भीती किंवा दडपण येते. न्यायालयात 'मी गुन्हा केलेला नाही' असे आरोपी 'हळू आवाजात म्हणाला' आणि 'पुटपुटला' या दोन वाक्यांत त्याचे शब्द तेच आहेत. तरी दुसऱ्या वाक्यात वाचकाला त्याच्यावर संशय येऊ लागतो.

मग हे शब्द का वापरले जातात?

अनेकदा कारण खरे असते. नोकरी जाण्याची किंवा पक्षाच्या कारवाईची भीती असलेला माणूस उघडपणे बोलत नाही. अशा वेळी 'नाव न छापण्याच्या अटीवर एका अधिकाऱ्याने सांगितले' असे लिहिले, तर माहिती एका माणसाची आहे हे स्पष्ट होते. 'दबक्या आवाजात चर्चा आहे' असे लिहिले की तो एक माणूस नाहीसा होतो आणि त्याच्या जागी जणू अख्खे कार्यालय बोलू लागते. एका नाराजाचे मत सगळ्यांचे मत ठरते.

खरी कुजबुज बातमी होते तेव्हा...

ऑक्टोबर 2021 मध्ये बंगळुरूत कर्नाटक काँग्रेसच्या पत्रकार परिषदेपूर्वी दोन नेते शेजारी बसून हळू आवाजात बोलत होते. समोरच्या माइकने ते संभाषण टिपले. त्यात त्यांच्याच प्रदेशाध्यक्षांचा विषय होता. पक्षाने एकाला सहा वर्षांसाठी काढून टाकले, तर दुसऱ्याला कारणे दाखवा नोटीस दिली. तिथे 'कुजबुज' हा शब्द अक्षरशः खरा होता. कोण, कुठे आणि कुणाशी बोलले, हे ध्वनिचित्रफितीत होते.

'चर्चा आहे' लिहिल्याने जबाबदारी टळते का?

नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 नुसार बदनामीकारक आरोप करणे जसे गुन्हा ठरू शकते, तसेच तो प्रसिद्ध करणेही. उपरोधाने केलेला आरोपही त्यातून सुटत नाही. सार्वजनिक हितासाठी मांडलेले सत्य हा अपवाद आहे, पण कुजबुज म्हणजे सत्याचा पुरावा नव्हे.

दुसरीकडे, प्रेस कौन्सिल कायदा, 1978 च्या कलम 15 नुसार कौन्सिल पत्रकाराला बातमीचा स्रोत उघड करण्याची सक्ती करू शकत नाही. स्रोताचे नाव झाकण्याला मान्यता आहे, पण ती न तपासलेली माहिती छापण्याची मुभा नाही.

वाचकाने काय पाहावे?

- बोलणारा एक आहे की अनेक, हे बातमीत सांगितले आहे का?
- निदान त्याचे पद किंवा घटनेशी असलेला संबंध दिला आहे का?
- ज्याच्याविषयी कुजबुज आहे, त्याची बाजू घेतली आहे का?
- आदेश, पत्र, ध्वनिफीत असा काही आधार आहे का?

चारही उत्तरे 'नाही' असतील, तर ती अफवा असू शकते. ती व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे पाठवली की त्या कुजबुजीत आपलाही आवाज मिसळतो.