बातमी एकीकडे, टपाल दुसरीकडे

चालू सॉफ्टवेअरचे बाहेरचे वागणे तसेच ठेवून आतली मांडणी बदलण्याच्या कामाला रिफॅक्टरिंग म्हणतात. वापरणाऱ्याला फरक जाणवता कामा नये, ही त्याची कसोटी. विल्यम ऑप्डाइक यांनी 1992 मध्ये इलिनॉय विद्यापीठात या विषयावर प्रबंध लिहिला आणि मार्टिन फाउलर यांच्या 1999 मधल्या पुस्तकाने हा शब्द प्रोग्रामरांच्या तोंडी बसवला. एकमेकांत अडकलेले भाग सुटे करणे हा या कामातला नेहमीचा आणि सर्वांत कटकटीचा भाग. मजकूर घेऊन, तपासून, जपून तो वाचकांपर्यंत पोचवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे प्रकाशनाच्या व्यवस्थेत, गुंता हमखास दोन ठिकाणी सापडतो: मेल पाठवणाऱ्या भागात आणि सगळ्यांनी मिळून वापरायच्या सामाइक भागात.

मेलच्या गुंत्याची सुरुवात अगदी निरुपद्रवी असते. मजकूर साठवणाऱ्या प्रोग्रामच्या शेवटी कोणीतरी एक ओळ वाढवतो: आता हे सगळ्या वर्गणीदारांना मेल कर. शंभर वर्गणीदार असेपर्यंत काही बिघडत नाही. दहा हजार झाले की ‘साठवा’ हे बटण दाबून संपादक पडद्याकडे पाहत बसतो, कारण शेवटचा मेल जाईपर्यंत साठवण्याचे काम संपतच नाही. मेल सर्व्हर मध्येच गप्प झाला, तर चार हजार जणांना मजकूर मिळालेला, सहा हजारांना नाही, आणि पडद्यावर मात्र ‘साठवता आले नाही’ असा निरोप. संपादक पुन्हा बटण दाबतो. पहिल्या चार हजारांना तोच मेल दुसऱ्यांदा जातो. चूक संपादकाची नसते; बातमी नोंदवणे आणि बातमी वाटणे ही दोन कामे एकाच दोरीत ओवलेली असतात.

संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी 1972 मध्येच यावरचा उपाय सांगून ठेवला होता. मजकुराच्या ओळींची शब्दवार सूची तयार करणारा एक छोटा प्रोग्राम त्यांनी उदाहरणाला घेतला आणि दाखवले, की कामाच्या पायऱ्यांनुसार भाग पाडले तर एक निर्णय बदलताना बहुतेक सगळे भाग उघडावे लागतात. त्याऐवजी जो निर्णय पुढे बदलण्याची शक्यता आहे, तो एकेका भागाच्या पोटात लपवावा. मेल कोणत्या सेवेमार्फत जातो, हा असा निर्णय आहे. सेवा बदलते, दर बदलतात, स्पॅम रोखण्याचे नियम बदलतात. यातले काहीही मजकूर साठवणाऱ्या भागाला माहीत असण्याचे कारण नाही.

हिंगोली जिल्ह्यात या विषयाचा संबंध येतो तो औंढा नागनाथ तालुक्यात. गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा तिथे उभी राहत आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने फेब्रुवारी 2016 मध्ये तिला तत्त्वतः मान्यता दिली आणि एप्रिल 2023 मध्ये 2600 कोटी रुपयांचा खर्च मंजूर केला. पुण्याची आयुका, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था, इंदूरचे राजा रामण्णा केंद्र आणि अणुऊर्जा विभागाचे बांधकाम संचालनालय यांच्याकडे हे काम आहे. काटकोनात मांडलेल्या चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांमधून लेसरचा किरण जाऊन येईल आणि अणुकेंद्रकापेक्षाही कितीतरी लहान हालचाल तो मोजेल. पण लहर टिपून वेधशाळेचे काम संपत नाही. आकाशात कुठेतरी दोन तारे एकमेकांवर आदळले, ही बातमी जगभरच्या दुर्बिणींना तत्काळ द्यावी लागते, नाहीतर मागे उरलेला प्रकाश विझून जातो. म्हणून अशी प्रत्येक वेधशाळा एका प्रकाशन व्यवस्थेची बातमीदारही असते.

ती व्यवस्था म्हणजे अमेरिकेत नासाच्या गोडार्ड केंद्रातून चालणारे जीसीएन. स्कॉट बार्थेल्मी यांनी 1990च्या दशकाच्या सुरुवातीला ती उभारली, तेव्हा गॅमा किरणांच्या स्फोटांची दिशा दुर्बिणींना कळवणे एवढेच तिचे काम होते. 23 जानेवारी 1999 रोजी तिच्या निरोपावर लॉस अ‍ॅलामॉस येथील रोट्से हा छोटा कॅमेरा आपणहून वळला आणि स्फोट सुरू झाल्यावर 22 सेकंदांत त्याने पहिले छायाचित्र घेतले. स्फोट चालू असतानाच त्याचा दृश्य प्रकाश टिपला गेल्याची ही पहिली वेळ.

जीसीएनवर दोन प्रकारचा मजकूर निघतो. यंत्राने यंत्रासाठी लिहिलेल्या सूचना आणि माणसांनी माणसांसाठी लिहिलेली परिपत्रके. अ‍ॅस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहावरील सीझेडटीआय उपकरणाला स्फोट दिसला, की त्याचे परिपत्रक इथेच येते. लडाखमधील हानले इथल्या ग्रोथ-इंडिया दुर्बिणीची निरीक्षणेही इथेच. जुन्या मांडणीत सूचना 160 बाइटच्या ठरावीक पुडक्यांतून जात, शिवाय मेलनेही जात. मेलचेही प्रकार अनेक, कोणाला लांब, कोणाला आखूड, कोणाला पेजरवर मावेल असा. परिपत्रक लिहिणारा शास्त्रज्ञ ठरलेल्या पत्त्यावर मेल करी आणि तो मेल सगळ्यांना जाई. म्हणजे मेल हे आत येण्याचे दार होते, बाहेर जाण्याचेही होते आणि मजकुराचा साचाही मेलचाच होता. त्या काळी ते योग्यच होते. प्रत्येक शास्त्रज्ञाकडे हमखास असणारी एकच गोष्ट म्हणजे मेलचा पत्ता.

अडचण घाईच्या वेळी उघड झाली. 17 ऑगस्ट 2017 रोजी भारतीय वेळेनुसार संध्याकाळी 6 वाजून 11 मिनिटांनी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीची लहर पृथ्वीवर पोचली. गॅमा किरण टिपणाऱ्या फर्मी उपग्रहाची यांत्रिक सूचना काही सेकंदांत निघाली. अमेरिकेतल्या लायगो वेधशाळांचे परिपत्रक यायला सुमारे 40 मिनिटे लागली आणि दिशेचा नेमका नकाशा यायला पाच तास, कारण त्यांतल्या लिव्हिंगस्टनच्या नोंदीत नेमक्या त्याच वेळी खरखर होती आणि ती माणसांना हाताने बाजूला काढावी लागली. तरीही सुमारे 11 तासांनी चिलीतल्या दुर्बिणीला प्रकाश सापडला.

2019 मध्ये लायगो आणि इटलीतल्या व्हर्गोने आपल्या सूचना सगळ्यांसाठी खुल्या केल्या, त्याआधी सूचना तयार करणारा प्रोग्राम नव्याने बांधला गेला. त्याचे नाव जीडब्ल्यू-सेलरी. त्यात एक लांबलचक क्रम नसून कामांची रांग आहे. नकाशा काढणे हे एक काम, टक्कर कशाची याचा अंदाज हे दुसरे, पाळीवरच्या शास्त्रज्ञाला फोन हे तिसरे, सूचना पाठवणे हे आणखी एक. एखादे काम फसले तर तेवढेच पुन्हा रांगेत जाते. बाकीची थांबत नाहीत. वेधशाळांच्या चौथ्या निरीक्षण-फेरीत पहिली सूचना साधारण अर्ध्या मिनिटात निघू लागली.

सगळी नोंद ग्रेसडीबी या साठ्यात राहते, आणि या मांडणीतला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच म्हणावा लागेल. तिसऱ्या फेरीत जाहीर झालेल्या 80 सूचनांपैकी 24 मागे घ्याव्या लागल्या. यंत्रातल्या खरखरीला लहर समजले गेले होते. गेलेला मेल मात्र परत बोलावता येत नाही. म्हणून खरी नोंद साठ्यात असली पाहिजे आणि मेल ही त्या नोंदीची त्या क्षणीची फक्त नक्कल असली पाहिजे. ज्या व्यवस्थेत मेल हाच मूळ दस्तऐवज असतो, तिथे दुरुस्ती म्हणजे आणखी एक मेल, आणि वाचणाऱ्याने दोन्ही जुळवत बसायचे.

जीसीएननेही हीच दिशा धरली. 2022 मध्ये सूचना वाटण्यासाठी काफ्का ही प्रणाली आली. लिंक्डइनमध्ये जन्मलेली आणि 2011 पासून सर्वांसाठी खुली असलेली काफ्का हा एक प्रकारचा सतत लिहिला जाणारा रोजनामा आहे. पाठवणारा त्यात नोंद करतो आणि निघून जातो. कोण वाचतो, किती जण वाचतात, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. वाचणारा आपल्या वेगाने वाचतो आणि काही काळ बंद पडला तर थांबल्या जागेवरून पुढे सुरू करतो. एप्रिल 2023 मध्ये परिपत्रकेही नव्या व्यवस्थेत आली. तिचा सगळा कोड खुला असल्यामुळे मांडणी कोणालाही पाहता येते.

एखाद्या परिपत्रकाचा तिथला प्रवास असा. शास्त्रज्ञ मेल पाठवतो किंवा वेबवरचा अर्ज भरतो. दारे दोन, पण दोन्हींतून आलेला मजकूर साठवणारा भाग एकच. परिपत्रकाला क्रमांक मिळतो, ते साठ्यात जाते आणि लिहिणाऱ्याचे काम तिथे संपते. साठ्यात नवी नोंद पडली, हीच घटना पुढच्या कामांना जागे करते: एक भाग शोधाची सूची अद्ययावत करतो, एक वर्गणीदारांना मेल करतो, एक काफ्कावर टाकतो. मेल अडला तरी परिपत्रक प्रसिद्ध झालेलेच असते. उद्या वाटपाचा आणखी एखादा मार्ग जोडायचा ठरला, तर साठवणाऱ्या भागाला त्याची खबरही लागणार नाही.

सामाइक भागाचा प्रश्न याहून नाजूक आहे. शेतातल्या सामाइक विहिरीसारखेच त्याचे असते: पाणी सगळ्यांचे, म्हणून गाळ काढायचा तर सगळ्यांची मोटर बंद. प्रोग्रामर मंडळींना एकदा लिहिलेले पुन्हा लिहायचा कंटाळा असतो आणि तो कंटाळा चांगलाच आहे. पण त्यातून ‘सामाइक’ नावाचा एक कप्पा तयार होतो आणि तारखा, मेलचे साचे, वर्गणीदारांची यादी, किरकोळ हिशेब असे काहीही त्यात पडत जाते. मग मेलचा साचा बदलला की शोधाचे पान बिघडते. वाईट सामाइक भाग ओळखण्याची खूण सोपी आहे: त्यात काय आहे, हे एका वाक्यात सांगता येत नाही.

जीसीएनच्या कोडमध्ये चांगल्या सामाइक भागाचेही उदाहरण आहे. परिपत्रकाच्या शीर्षकात मान्य शब्दांपैकी एखादा असावा लागतो आणि फॉरवर्ड केलेल्या मेलचे शीर्षक चालत नाही. ही तपासणी अर्ज भरताना ब्राउझरमध्ये होते, सर्व्हरवर पुन्हा होते आणि मेलने आलेल्या मजकुरालाही तीच लागते. नियम तीन ठिकाणी लिहिला असता तर आज ना उद्या तीन नियम झाले असते. म्हणून तो एका छोट्या फायलीत आहे, आणि त्या फायलीला साठा, मेल किंवा काफ्का यांतले काहीही माहीत नाही. यांत्रिक सूचनांसाठीही असेच आहे: वेळ, दिशा, घटनेचे नाव, कळवणाऱ्याची ओळख या गोष्टींचे साचे सर्व मोहिमांसाठी समान, आणि ज्याचे त्याचे खास तपशील ज्याच्या त्याच्याकडे. सामाइक तेच ठेवावे जे लहान आहे आणि क्वचित बदलते.

लहान म्हणजे बिनधोक, असे मात्र नाही. मार्च 2016 मध्ये एका प्रोग्रामरने लेफ्ट-पॅड हा आपला 11 ओळींचा भाग सार्वजनिक भांडारातून काढून घेतला आणि त्याच्यावर विसंबलेले हजारो प्रकल्प काही तास बांधता येईनात. मजकुराच्या डावीकडे रिकाम्या जागा भरणे, एवढेच त्याचे काम होते.

भाग सुटे करण्याचे हे बदल एका रात्रीत होत नाहीत. जुने आणि नवे काही काळ शेजारी शेजारी चालवतात. जीसीएनने काफ्का आणल्यावर जुने मार्ग लगेच बंद केले नाहीत. जुन्या साच्यातल्या सूचनाही नव्या मार्गाने मिळत राहिल्या, म्हणजे दुर्बिणींना आपल्या सवडीने बदलता आले. सुटे करताना सामाइक काय ठेवायचे, हेही ठरवावे लागते. हिंगोलीला हे नवे नाही. 1 मे 1999 रोजी परभणीतून हा जिल्हा वेगळा झाला, जिल्हा कचेरी स्वतंत्र झाली, पण महाविद्यालये नांदेडच्याच विद्यापीठाकडे राहिली आणि हिंगोली लोकसभा मतदारसंघात नांदेड-यवतमाळचेही तालुके आहेत.

सुटेपणाची किंमतही असते. एका प्रोग्रामऐवजी सात चालवावे लागतात, आणि मेल का गेला नाही हे शोधायला सात ठिकाणच्या नोंदी चाळाव्या लागतात. दोनशे वर्गणीदारांच्या पाक्षिकाला हा व्याप परवडणारा नाही. मेल पाठवणारी ओळ एका वेगळ्या फंक्शनमध्ये नेऊन ठेवली आणि आधी नोंद, मग मेल एवढा क्रम पाळला, तरी त्याचे नव्वद टक्के दुखणे थांबेल.

औंढ्याची वेधशाळा सुरू होईल तेव्हा सूचनांत आणखी एका बातमीदाराची भर पडेल, नकाशे अधिक नेमके होतील, आणि मेल पाठवणाऱ्या भागाला त्यासाठी हात लावण्याची गरज पडू नये. सूचनांमध्ये अमेरिकेतल्या हॅनफर्डसाठी एच-1, लिव्हिंगस्टनसाठी एल-1, इटलीतल्या व्हर्गोसाठी व्ही-1 आणि जपानच्या काग्रासाठी के-1 अशा खुणा असतात. औंढ्यासाठी ए-1 ही खूण शास्त्रज्ञांच्या लेखांत आताच रूढ झाली आहे.