हमी हवी, मक्तेदारी नको

सरकारने बाजाराचा ताबा घेतला की काय होतं, याचा तीस वर्षांचा धडा विदर्भाने गिरवला आहे. १९७१ च्या कायद्याने महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली आणि १९७२ च्या हंगामापासून शेतकऱ्याने कापूस फक्त सरकारी यंत्रणेलाच विकायचा असं ठरलं. हेतू चांगला होता. वजनात मारणाऱ्या, हंगामात भाव पाडणाऱ्या व्यापाऱ्याच्या तावडीतून शेतकरी सुटावा, त्याला हमीभाव मिळावा, नफा झाला तर त्यातही वाटा मिळावा. काही वर्षं तो मिळालाही.

पण कापूस राज्याबाहेर नेणं गुन्हा ठरलं आणि तिथेच योजनेची वाट चुकली. बाहेर भाव चढे असले की कापूस रातोरात मध्य प्रदेशात, आंध्रात जाई. इथला हमीभाव चढा असला की तिकडचा कापूस इकडच्या केंद्रांवर येई. सीमेवर नाके बसले, तरी भावातली तफावत कापसाला वाट काढून देत राहिली.

खरेदी केंद्रावर बंड्यांच्या रांगा लागत. ग्रेडर मूठभर कापूस उचलून धागा ओढून पाही आणि प्रत ठरवी. त्या एका शब्दावर वर्षाची कमाई अवलंबून असे. दुसरीकडे जायची सोय नव्हती. मग चुकाऱ्याची वाट पाहणं. चुकाऱ्यातून सोसायटीचं कर्ज परस्पर कापलं जाई, म्हणून अनेक जण नातलगाच्या नावावर माल घालत. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात बाजारापेक्षा चढे भाव जाहीर होत गेले, तोटा वाढत गेला आणि २००२ नंतर खासगी व्यापाऱ्यांना दार उघडावं लागलं.

कापड गिरण्यांचीही तीच गत. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये नागपुरात सुरू केलेली एम्प्रेस मिल १९८६ मध्ये बंद पडली. ती राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाने चालवायला घेतली; २००२ मध्ये तिला कायमचं कुलूप लागलं.

जगात हेच दिसतं. घानात १९४७ पासून कोकोची खरेदी सरकारी मंडळाकडे होती. मंडळाने भाव दाबून ठेवला तेव्हा, विशेषतः ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, कोको सीमेपलीकडे आयव्हरी कोस्टमध्ये जाऊ लागला. उझबेकिस्तानात कापसाचा कोटा सरकार ठरवी आणि वेचणीसाठी विद्यार्थी, शिक्षक, डॉक्टर यांना शेतात धाडलं जाई. २०२० मध्ये तो कोटा रद्द झाला. श्रीलंकेने २०२१ मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर एका फटक्यात बंदी घातली. भाताचं उत्पादन कोसळलं, चहालाही फटका बसला आणि काही महिन्यांतच सरकारला माघार घ्यावी लागली. दोन खंडांतल्या या सरकारांचे विचार वेगळे होते, चूक मात्र एकच होती. ज्याच्या जिवावर निर्णय घेतला, त्याला नाही म्हणायची मुभाच ठेवली नाही.

याचा अर्थ सरकारने हात झटकावेत असा नाही. कोरडवाहू शेतकऱ्याला हमीभावाचा आधार लागतोच. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ८,११० रुपये हमीभाव जाहीर झाला होता. मात्र कपाशी शेतात उभी असताना, ऑगस्ट २०२५ मध्ये, कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क केंद्राने माफ केलं. पेरणी एका धोरणावर आणि विक्री दुसऱ्यावर, असा हिशेब कुठल्या शेतकऱ्याला जुळवता येईल?

एकाधिकार गेला, पण शेतकऱ्याला न विचारता नियम बदलायची सवय गेली नाही. म्हणून मागणी साधी आहे. खरेदी केंद्रं वेळेवर उघडा, चुकारे आठवड्यात द्या, पेरणीनंतर आयात-निर्यातीचे नियम बदलू नका आणि माल कुठे विकायचा हे शेतकऱ्याला ठरवू द्या. हमी देणं हे सरकारचं कर्तव्य आहे. वाट अडवण्याचा अधिकार त्याला कुणी दिलेला नाही.