उभ्या गाडीची बॅटरी का उतरते?

आजच्या विषयाचं नाव फलकावर वाचून दोघातिघांनी आम्हाला विचारलं, की तत्त्वज्ञानाच्या माणसाचं गाडीच्या बॅटरीशी काय काम? काम आहे. आम्ही वर्गात कार्यकारणभाव शिकवला तो धूर आणि अग्नी यांच्या उदाहरणावर. मुलं ते पाठ करीत आणि परीक्षा झाली की विसरत, कारण पर्वतावरच्या त्या धुराशी कुणाचं काही अडलेलं नव्हतं. बॅटरीशी अडतं. आपल्या बोर्डीत तर वाडीवाडीत अडतं. मुलं मुंबईला, घरी दोघं वयस्कर माणसं, आणि चिकूच्या झाडाखाली पंधरा-वीस दिवस न हललेली गाडी. मग एखाद्या रात्री कुणाच्या छातीत दुखतं, डहाणूला न्यायचं असतं, किल्ली फिरवावी तर नुसतं ‘कट्’. रात्री दोन वाजता धक्का मारायला माणसं कुठून आणायची? आणि गाडी बिनगिअरची, म्हणजे ऑटोमॅटिक असली, तर धक्क्याचाही उपयोग नाही.

आमच्या शेजारच्या वाडीत एक गृहस्थ आहेत. दीड वर्षात त्यांनी दोन बॅटऱ्या बदलल्या. सोमवारी गाडी चालवली की गुरुवारी ती बंद. दुकानदार म्हणाला, बॅटरी खराब. शेजारी म्हणाले, समुद्राची हवा. त्यांना स्वतःला मात्र संशय होता नव्या म्युझिक सिस्टिमचा. तिघांनीही कारण सांगितलं, तपासलं कुणीच नाही.

आधी शब्द नीट करू. ‘बॅटरी उतरली’ या दोन शब्दांत चार निरनिराळ्या गोष्टी लपलेल्या असतात. घरावरच्या पाण्याच्या टाकीचा विचार करा. सकाळी नळाला पाणी नाही. टाकी गळकी असेल, पंपाने ती भरलीच नसेल, रात्रभर कुठला तरी नळ उघडा राहिला असेल, किंवा टाकी काठोकाठ भरलेली आणि पाइप बुजलेला असेल. नळाशी उभं राहून या चारांतला फरक कळत नाही. गाडीतही तसंच : बॅटरी धरत नाही, आल्टरनेटर (आपल्याकडे त्याला अजून डायनॅमोच म्हणतात) भरत नाही, गाडी उभी असताना कुणीतरी वीज पितंय, किंवा वीज आहे पण गंजलेल्या टर्मिनलमधून पुढे जात नाही.

या चौथ्या शक्यतेपासून सुरुवात करावी, कारण ती फुकट तपासता येते आणि इथे ती नेहमी आढळते. बॉनेट उघडून टर्मिनलवर पांढरा-हिरवा फुलोरा दिसतो का पाहा. खाऱ्या हवेत तो लवकर येतो. पाना लावायचा तो आधी काळ्या, म्हणजे निगेटिव्ह टर्मिनलला. लाल आधी सोडायला गेलात आणि पाना चुकून गाडीच्या पत्र्याला टेकला तर शॉर्ट होऊन ठिणग्यांचा फवारा उडेल, आणि चार्ज झालेल्या बॅटरीजवळ हायड्रोजन असू शकतो. जोडताना काळी वायर शेवटी. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून टर्मिनल घासा, कोरडं करा, घट्ट बसवा, वर व्हॅसलिनचा हात फिरवा. सोड्याचं पाणी बॅटरीच्या भोकांतून आत जाऊ देऊ नका, आणि डोळ्यांवर चष्मा असू द्या. आत आम्ल आहे.

आता मीटर. साधा डिजिटल मल्टिमीटर आणावा. तो हातात घ्यायची भीती वाटत असेल तर एवढंच आठवा, की याच गावात १९४५ मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालवाडीचं काम सुरू केलं. हाताने करून शिकायची रीत आपल्याला नवी नाही. बॅटरी पूर्ण चार्ज करून काही तास स्वस्थ ठेवली की मीटरने सुमारे १२.६ व्होल्ट दाखवायला हवेत. १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. इंजिन सुरू असताना आकडा साधारण १३.८ ते १४.७ च्या दरम्यान आला, तर डायनॅमो भरतो आहे.

मग आम्ही त्या गृहस्थांना सांगितलं, की भरलेल्या बॅटरीची काळी वायर काढा आणि दोन दिवस तशीच ठेवा. आपल्या नैयायिकांनी ज्याला व्यतिरेक म्हटलं तो हाच : कारण काढून घ्या, कार्य थांबतं का पाहा. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ च्या तर्कशास्त्रावरच्या ग्रंथात हीच गोष्ट भेदाची पद्धत म्हणून मांडली. वायर काढूनही व्होल्ट घसरले असते तर दोष बॅटरीच्या पोटात. दोन दिवसांनी मीटर १२.६ वरच होता. बॅटरी निर्दोष सुटली, आणि गाडीतच कुणीतरी पीत होतं हे ठरलं.

समुद्राच्या हवेचं काय? त्याच हवेत, पलीकडच्या अंगणात, तेवढ्याच वयाची गाडी आठवडाभर उभी राहून एका सेल्फमध्ये सुरू होत होती. कारण हजर आणि कार्य नाही, याला व्यभिचार म्हणतात. (वर्गात या शब्दावर नेहमी हशा व्हायचा.) तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो पण धूर नसतो, धुराला ओलं सरपण लागतं, ती उपाधी. तशी इथली उपाधी शोधायची होती.

त्याआधी थोडा हिशेब, कारण ‘गाडी उभी असताना वीज जातेच कशी’ असं पुष्कळजण विचारतात. थोडी जातेच. घड्याळ, लॉकचा रिसीव्हर, अलार्म, संगणकाची स्मरणशक्ती यांना मिळून साधारण २० ते ५० मिलिअँपिअर लागतात. ५० धरले तर आठवड्याला ८.४ अँपिअर-तास. ४० अँपिअर-तासांची बॅटरी सव्वादोन-अडीच आठवड्यांत अर्ध्यावर येते, आणि जुनी असेल तर तिथेच सेल्फ घ्यायचं थांबवते. म्हणजे गाडीत काहीही दोष नसताना, वीस दिवस उभी ठेवली एवढ्यानेच बॅटरी उतरू शकते. लोक म्हणतात, सेल्फ मारण्यात बॅटरी संपते. दीडशे अँपिअर तीन सेकंद धरले तरी अँपिअर-तासाचा आठवा भागच होतो. खरा खर्च उभ्या आठवड्याचा. आणि आठवड्यातून एकदा घोलवड स्टेशनला जाऊन आल्याने तो भरून निघत नाही. दहा मिनिटं, दहा अँपिअरने भरली, तरी जेमतेम पावणेदोन अँपिअर-तास आत जातात.

पिणारा शोधण्यासाठी मीटर अँपिअरवर ठेवायचा, लाल वायर मीटरच्या १० अँपिअरच्या भोकात, आणि मीटर काळी वायर व निगेटिव्ह टर्मिनल यांच्या मधोमध जोडायचा, म्हणजे गाडीचा सगळा प्रवाह त्यातूनच जाईल. या अवस्थेत किल्ली फिरवायची नाही, हेडलाइट लावायचे नाहीत. मीटरचा फ्यूज उडेल. दारं, डिकी आधीच बंद करावीत आणि फ्यूज बॉक्सकडे जाण्यासाठी दार उघडं ठेवावं लागलं तर त्याची कडी स्क्रूड्रायव्हरने दाबून बसवावी, म्हणजे गाडीला दार लागलेलं वाटतं. रिमोटची किल्ली लांब घरात. आणि मग थांबायचं. हल्लीच्या गाड्यांना झोपायला वीस मिनिटं, कधी तासभर लागतो. जोडल्या जोडल्या मीटर दोन-तीन अँपिअर दाखवतो आणि माणूस घाबरून निष्कर्ष काढतो. घाईने काढलेली चुकीची उत्तरं इथेच जन्मतात.

चाळीस मिनिटांनी मीटर ४३० मिलिअँपिअरवर स्थिरावला. एकेक फ्यूज काढायचा, आकडा पाहायचा, परत लावायचा. फ्यूज परत लावताना एखादी झोपलेली यंत्रणा जागी होते, तेव्हा पुन्हा थोडं थांबावं. म्युझिक सिस्टिमचा फ्यूज काढला, आकडा हललाच नाही. संशय काकतालीय ठरला : कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. मात्र तो संशय मूर्खपणाचा नव्हता. बाहेरून बसवलेल्या म्युझिक सिस्टिम, कॅमेरे, जीपीएस हे नेहमीचे पिणारे आहेत, विशेषतः किल्लीबरोबर बंद व्हायची वायर कायम चालू लाइनला जोडलेली असेल तेव्हा.

पुढे आतल्या दिव्यांचा फ्यूज काढला आणि आकडा ३० वर आला. गेलेले ४०० मिलिअँपिअर साडेबारा व्होल्टला गुणले की होतात ५ वॉट. आकड्यानेच आरोपीचं वर्णन दिलं : एक लहान दिवा. छतावरचा तर बंद होता. मग राहिला डिकीतला, जो डिकी बंद असताना कुणाला दिसत नाही. फ्यूज परत बसवला, मोबाइलवर चित्रीकरण सुरू करून तो डिकीत ठेवला, झाकण लावलं, दोन मिनिटांनी काढला. आत लख्ख उजेड. झाकणाचा बारीकसा स्विच गंजून अडकला होता. बघा, समुद्राची हवा पुढच्या दाराने घालवली ती मागच्या दाराने आलीच, पण आता ती कुठे आणि काय करते हे आपल्याला ठाऊक आहे.

दिवसाला दहा अँपिअर-तास, म्हणजे दोन दिवसांत बॅटरी अर्धी. वारंवार अशी रिकामी झालेली बॅटरी आतल्या पट्ट्यांवर सल्फेट धरते आणि खरोखरच मरते. म्हणून दुकानदाराचं ‘बॅटरी खराब’ हे खोटं नव्हतं. त्याने कार्याला कारण म्हटलं, आणि त्या गफलतीची किंमत दोन बॅटऱ्या.

एक शक्यता उरते. सगळे फ्यूज काढूनही आकडा उतरला नाही तर? मिलची शेषपद्धत वापरा. ज्ञात भाग वजा करा, उरलेलं कार्य उरलेल्या कारणाचं. या फ्यूजमधून न जाणाऱ्या वायरी म्हणजे डायनॅमोची जाड वायर, स्टार्टर, आणि कुणी थेट बॅटरीला जोडलेलं काही. डायनॅमोतला डायोड गळका असेल तर तो इंजिन चालू असताना बऱ्यापैकी भरतो आणि रात्री पितो. ते काम मात्र ऑटो इलेक्ट्रिशियनचं. एअरबॅगच्या वायरींनाही आपण हात लावू नये.

आणि मीटर ३०-४० वरच असेल, गाडी निर्दोष असेल, पण उभीच राहणार असेल, तर लहान मेंटेनन्स चार्जर लावून ठेवावा. अंगणात वीज पोचत नसेल तर काळी वायर काढून ठेवावी आणि दहाचा पाना किल्लीच्या जुडग्याबरोबर टांगावा. वायर काढली की रिमोटने दार उघडत नाही, तेव्हा साध्या किल्लीने दार उघडतं ना, हे दिवसाउजेडी एकदा करून पाहा. खाऱ्या हवेत ते कुलूपही अडकलेलं असतं.